घाम पुरला नाही

शेजारच्या लांजेवारांची बकरी
आमच्या यशोधरेचेच हात चाटायची.
बाकीची पोरं तिला पाला दाखवायची,
बाभळीच्या शेंगा, तुरीचं कुटार,
ती सगळं सोडून हिच्याकडे यायची
आणि मनगटापासून कोपरापर्यंत
खरखरीत जीभ फिरवायची.
यशू खोकता खोकता हसायची.
"बकरीले पोरगी पसंत पडली," आम्हीही हसायचो.
दोन वर्षं हसलो.

मी अंगणवाडी सेविका.
गावच्या त्रेचाळीस लेकरांची वजनं
दर महिन्याला काट्यावर टांगून घेते.
माझ्याच पोरीची रेघ
तक्त्याच्या लाल पट्ट्यात सरपटत होती.
पर्यवेक्षिका म्हणाल्या, "विमलताई,
आहार तुम्हीच शिकवता ना लोकांना?"
मी मान खाली घालून रकाना भरला.
कसं सांगू, पोरगी माझ्याहून जास्त जेवते,
आणि सगळं तेलासारखं तरंगत बाहेर येतं.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
"पापी घेता तेव्हा खारट लागते का?"
आमच्यात तशी रीत नाही.
मी गप्प.
यशूचे बाबा म्हणाले, "बकरीले लागते, बाई."
बाई हसल्या नाहीत.
त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

मे महिना. सेहेचाळीसचा पारा.
हिंगणघाटाहून एसटीत उभ्यानं आलो,
माझं पोलकं पाठीला चिकटलेलं,
कंडक्टरच्या हातात तिकिटं भिजलेली.
प्रयोगशाळेत मात्र एसी.
यशूच्या हातावर दोन चकत्या बांधल्या,
औषधाची जेल, बारीकसा करंट.
"मुंग्या चालून राह्यल्या, आई."
मग एक नळीची गुंडाळी, घड्याळासारखी,
तिच्यात घाम निळा होऊन चढतो म्हणे.
अर्धा तास आम्ही तिघं
एका निळ्या रेषेकडे बघत बसलो.

घाम पुरला नाही.

बाहेर अख्खा विदर्भ निथळत होता
आणि आमच्याकडे दोन थेंब कमी पडले.

दुसऱ्या खेपेला तिला घोंगडीत गुंडाळलं,
पाणी पाजलं, तीन मजले जिन्यानं चढवली.
आकडा आला एकशे चार.
साठच्या वर म्हणजे होय.
दुसऱ्या हाताचा एकशे एक.
यशूनं विचारलं, "शंभरातले ना?"

मग आमच्या दोघांचं रक्त हैदराबादला गेलं.
गावाला एवढंच हवं होतं, कोणाकडून आलं?
सासूबाई माझ्या माहेराकडे बोट दाखवून बसलेल्या,
माझा भाऊ त्यांच्या घराण्याकडे.
कागद आला, दोघांकडून, अर्धं अर्धं.
ओट्यावरची मंडळी जरा हिरमुसून उठली.

यशूच्या आधी एक होता.
पाच महिन्यांचा, पौषात गेला.
दाखल्यावर निमोनिया लिहिलंय.
तेव्हा लांजेवारांकडे बकरी नव्हती.

आता दर तीन महिन्यांनी जातो.
घशात कापसाची काडी फिरवतात,
तिच्यावर काय उगवतं ते चार दिवसांनी फोनवर कळतं.
जंतूंची नावं मला पाठ झालीत,
उखाण्यात बसणार नाहीत अशी.
यशू सात वर्षांची झाली, नळीत फुंकर मारते,
पडद्यावर मेणबत्त्या विझतात.
गेल्या वेळी तीन उरल्या होत्या, या वेळी चार.
बाई म्हणाल्या, "पुन्हा मार बेटा, जोरात."
चारच.
घरी येताना ती सीटवर बसून
खिडकीच्या काचेवर फुंकर मारत होती,
न सांगता.

तिच्या बाटलीत मी मीठ जास्त टाकते.
बकरी म्हातारी झाली, तरी येते,
मी तिला हाकलत नाही.

आणि अंगणवाडीत वजन झालं
की काट्यावरून उतरवताना
प्रत्येक लेकराच्या कपाळाला ओठ लावते.
"एवढी माया कायले वो ताई?" आया विचारतात.
रजिस्टरात त्याचा रकाना नाही.
समासात पेन्सिलनं बारीक टिंब करते.
मे महिन्यात सगळीच खारट लागतात.
म्हणून मार्गशीर्षात पुन्हा घेते.